पंख, कडं आणि कॅमेरा: अ‍ॅनिमेतल्या देवदूताचा पहिला कॉसप्ले

देवदूताला वजन नसतं, पण त्याच्या पंखांना असतं आणि ते दिवसभर तुम्हाला वाहायचं असतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझं पहिलं कन्व्हेन्शन (अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या चाहत्यांचा मेळावा; तिथे आवडत्या पात्राचा पोशाख करून जाणं म्हणजे कॉसप्ले) दोन तासांत आटोपलं नसतं. पुठ्ठ्यावर खरी पिसं चिकटवली होती, जुन्या दप्तराचे पट्टे लावले होते आणि आरशासमोर पाच मिनिटं मी झकास दिसत होते. हॉलच्या दारात उजवा पंख अडकला. आत गेल्यावर मी वळले की मागचा माणूस खाली वाकायचा. घरी येऊन फोटो बघितले तर पांढरा ड्रेस, पांढरे पंख आणि पांढरा विग मिळून चौकटीत एक पांढरा डाग.

पुढचं सगळं त्यानंतरच्या चार पोशाखांतून उमगलेलं आहे. कात्री, कटर आणि सुईदोरा हाताळता येत असेल तर तुम्हालाही जमेल. हाताशी सहा ते आठ आठवडे ठेवा.

१. पात्र निवडताना आधी पाठ बघा

पहिल्याच खेपेला दोन हात पसरल्याएवढे पंख करायला जाऊ नका. अ‍ॅनिमेत देवदूत नाना तऱ्हांचे आहेत. ‘एंजल बीट्स!’ (२०१०) मधल्या कानादेला बाकीचे ‘तेन्शी’, म्हणजे देवदूतच म्हणतात, पण ती बहुतेक वेळ शाळेच्या गणवेशात आणि पंखांशिवाय दिसते. लांब चंदेरी विग आणि पिवळसर डोळे जमले की निम्मं काम झालं. ‘हाइबाने रेनमेई’ (२००२) मधल्या मुलींचे पंख राखाडी आणि छोटे, पाठीवर मावणारे. त्या मालिकेत राक्काच्या डोक्यावरचं कडं सुरुवातीला जागेवर राहतच नाही, म्हणून ते तारेने बसवून देतात. मूळ पात्रालाच तार लागते, मग आपली दिसली तर लाज कसली!

दुसऱ्या टोकाला ‘कार्डकॅप्टर साकुरा’तला युए. कमरेच्याही खाली जाणारे केस आणि भलेमोठे पंख, आणि ते केस दर दहा मिनिटांनी पिसांत गुंतणार. त्याला तिसऱ्या-चौथ्या खेपेसाठी राखून ठेवा.

पात्राची समोरून, बाजूने आणि मागून अशी निदान तीन चित्रं जमवा. मागचं चित्र सगळ्यांत कामाचं आणि नेमकं तेच राहून जातं. अ‍ॅनिमेत पंखांचा आकार दृश्यागणिक बदलतो, त्यामुळे एकच चित्र प्रमाण माना आणि ते कामाच्या टेबलासमोर चिकटवा.

२. नियम वाचून झाल्याशिवाय कात्री उचलू नका

आयोजकांच्या नियमावलीत चार गोष्टी शोधा: पोशाखाची कमाल रुंदी-उंची, प्रॉपची (पोशाखासोबतच्या खोट्या वस्तूंची) तपासणी कुठे आणि कधी, कपडे बदलायची सोय, आणि ट्रायपॉड किंवा लाइटचे स्टँड चालतात का. गर्दीच्या हॉलमध्ये स्टँडला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. तोक्योतल्या कॉमिकेट या कॉमिक्सच्या मेळाव्यासारख्या ठिकाणी पोशाख घालून येणंच चालत नाही. तिथे पोचून, नेमून दिलेल्या जागेत बदलावं लागतं. पंख सुटे होणारे हवेत हे खरं तर इथेच ठरतं.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- तिकीट. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, दाराशी नेटवर्क दगा देतं.
- फोटो असलेलं ओळखपत्र.
- वय कमी असेल तर पालकांचं संमतिपत्र. आयोजकांचा नमुना असेल तर त्याच नमुन्यात.
- पंख उघडलेले आणि मिटलेले असे दोन फोटो, मापांसकट. तपासणीच्या टेबलावर वाद घालण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं.
- स्टेजवरच्या स्पर्धेत उतरणार असाल तर मूळ चित्राची छापील प्रत आणि पोशाख बनवतानाचे फोटो. परीक्षक कुठला भाग स्वतः केला ते विचारतात.

३. सामान

२ मिमी आणि १० मिमी इव्हीए फोम (हलका, लवचीक, शीटमध्ये मिळणारा), कॉन्टॅक्ट सिमेंट (दोन्ही बाजूंना लावून जोडायचा गोंद), हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र), भरपूर पात्यांचा कटर, पॉलिश पेपर, ३ ते ४ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार, चौकोनी अ‍ॅल्युमिनियमच्या एकात एक बसणाऱ्या दोन मापांच्या नळ्या, ४ मिमीची कडक प्लॅस्टिकची शीट, २५ मिमी रुंद नायलॉनची पट्टी आणि बकलं, अ‍ॅक्रिलिक रंग. कॉन्टॅक्ट सिमेंटच्या वाफा डोक्यात जातात, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि रासायनिक वाफा रोखणारा मास्क वापरा. साधा कापडी मास्क तिथे कुचकामी आहे.

पात्यांवर कंजुषी करू नका. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. मी दर पंधरा-वीस पिसांमागे पातं मोडते.

४. पंख कमरेवर पेला

सगळ्यांत जास्त वेळ इथे घाला. पंख दप्तरासारखे नुसते खांद्यांना लटकवले की ते मागे ओढतात, तोल सावरायला तुम्ही पुढे झुकता आणि तासाभरात देवदूताचा हमाल होतो.

प्लॅस्टिकच्या शीटमधून साधारण २० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच पाटी कापा. कोपरे गोल करा, आतल्या बाजूला १० मिमी फोमची गादी चिकटवा. पाटीला चार पट्टे: दोन खांद्यांवरून, एक छातीखालून बरगड्यांभोवती, एक कमरेभोवती. घालताना कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्यांचे शेवटी. ट्रेकिंगची मोठी सॅक ज्यांनी वाहिली आहे त्यांना हे सांगायला नको.

पाटीवर नळीचे दोन तुकडे तिरके, इंग्रजी व्हीच्या आकारात, बोल्टने पक्के बसवा. पंखांच्या मुळाशी असलेली बारीक नळी त्यांत सरकवायची. नळी चौकोनीच घ्या. मी एकदा गोल पाइप घेतला होता. गोल पाइपात गोल पाइप फिरतो, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. हॉलच्या मधोमध माझा डावा पंख सावकाश फिरत खाली लोंबला आणि मला ते मागून आलेल्या हसण्यावरून कळलं. आता चौकोनी नळी, त्यात आरपार भोक आणि हाताने आवळता येणारा विंग नट. पान्याशिवाय अर्ध्या मिनिटात पंख निघतो.

सांगाडा तारेचा: दोन पदर एकत्र पिळून पंखाची वरची कमान करा आणि ती मुळाच्या नळीत ठोकून बसवा. जड काय असेल ते मुळाशी ठेवा, टोकाला फक्त फोम. टोकाला वाढवलेलं थोडंसं वजनही पाठीला कितीतरी पटीने जाणवतं. पाटीसकट सगळं दोन किलोच्या आत बसवा. मिटल्यावरची रुंदी ७५ सेंमीच्या आत राहिली तर बहुतेक दारांतून तिरकं न होता जाता येतं.

पोशाखाच्या पाठीला नळ्यांपुरत्या दोन उभ्या चिरा पाडाव्या लागतील. त्यांच्या कडांना काजासारखी दाट शिलाई घाला, नाहीतर दुपारपर्यंत पाठ उसवते.

५. पिसं

खऱ्या पिसांचा मोह टाळा. ती गळतात, घामाने चिकटतात, शेजारच्याला शिंका आणतात. शिवाय काही पक्ष्यांची पिसं बाळगणं अनेक देशांत बेकायदा आहे. फोमची पिसं एकसारखी कापता येतात, धुता येतात आणि फोटोत अ‍ॅनिमेच्या रेषेला जास्त जवळची दिसतात.

कापण्याआधी खऱ्या पक्ष्याचा उघडलेला पंख नीट बघा. टोकाकडे सगळ्यांत लांब पिसं असतात, बहुतेक पक्ष्यांत दहाच्या आसपास. शरीराकडे येताना ती आखूड आणि रुंद होतात, आणि वरच्या बाजूला छोट्या पिसांचे थर मुळं झाकून टाकतात. पुठ्ठ्याचे चार मापांचे साचे केले की पुरे. एका पंखाला मला पन्नास-साठ पिसं लागतात. प्रत्येक पिसाच्या मधोमध कटरने अगदी वरवरची रेघ ओढा, खोल नको. त्यावर हीट गन फिरवली की रेघ उघडते आणि पिसाचा दांडा उमटतो. गरम असतानाच पीस बाटलीवर दाबून धरलं तर त्याला बाक येतो आणि तो टिकतो. हे सगळं चिकटवण्याआधी करायचं, कारण कॉन्टॅक्ट सिमेंट उष्णतेने मऊ पडतं आणि जोड सुटतात.

चिकटवताना घर शाकारतात तसं खालून वर जा: आधी सगळ्यांत खालची लांब पिसं, त्यांच्या मुळांवर मधली, शेवटी वरची छोटी. सिमेंट दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासं झालं की जोडा. एकदा टेकलं की हलत नाही, म्हणून आधी पेन्सिलीने खुणा करून घ्या. बऱ्याच कंपन्यांचं सिमेंट पिवळट असतं. पिसाच्या कडेपासून तीनेक मिलिमीटर आत राहा, नाहीतर पांढऱ्या फोमवर चहा सांडल्यासारखी किनार उमटते.

आणि हॉट ग्लूवर, म्हणजे वितळवून लावायच्या गोंदावर, विसंबून राहू नका. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो मऊ पडतो. माझ्या एका मैत्रिणीने डिकी उघडली तेव्हा तिचे पंख जागेवर होते, पिसं मात्र सगळी घसरून तळाशी गोळा झाली होती.

रंगाचं एकच सांगते: शुद्ध पांढरा देऊ नका. पिसांच्या मुळाशी स्पंजने फिकट निळसर राखाडी, मध्ये मोतिया, आणि फक्त टोकांना पांढरा. घरी बघताना ते मळकट वाटतील. फोटोत तोच मळ प्रत्येक पीस वेगळं दाखवतो.

६. डोक्यावरचं कडं

याला इंग्रजीत हेलो म्हणतात. त्यावरून मी फोनवर ‘अगं, हेलो तुटलं’ म्हणत होते आणि पलीकडची ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय’ म्हणत होती. तेव्हापासून आमच्यात ‘कडं’.

कडं हलकं असेल तर ते विगखालच्या हेअरबँडला बसवा, म्हणजे मान वळली की तेही वळतं. डोक्यामागची मोठी प्रभावळ मात्र पाठीच्या पाटीवरूनच वर आणा, ती विगला पेलत नाही. कड्याचा व्यास विगसकट डोक्याच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त, आणि केसांपासून उंची ८ ते १० सेंमी. आधाराची तार एकच, मागून येणारी, विगच्या रंगात मॅट रंगवलेली. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची काडी दिसणार नाही असं सगळ्यांना वाटतं, पण ती प्रत्येक दिव्याला चमकते. मॅट रंगाची बारीक तार जास्त लपते.

उजळणारं कडं हवं असेल तर सिलिकॉनच्या नळीतली ५ व्होल्टची एलईडी पट्टी आणि पॉवर बँक घ्या. दोन सापळे आहेत. पट्टी फार कमी करंट खात असेल तर काही पॉवर बँका ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून आपोआप बंद होतात, म्हणून घरी अर्धा तास लावून बघा. दुसरं, उजेड कमी करणारा डिमर बहुतेक वेळा दिवा फार वेगाने चालू-बंद करत असतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्यात मात्र आडवे पट्टे येतात. डिमर काढून पट्टीवर पातळ पांढरं कापड गुंडाळा, उजेड आपसूक मंदावतो.

७. कपडे, विग, चेहरा

सॅटिन टाळा, ते फ्लॅशखाली तेलकट चमकतं. जाडसर सुती ट्विल किंवा क्रेप घ्या आणि वरच्या थराला ऑर्गेंझा. पांढऱ्या पोशाखाखाली आतले कपडे पांढरे नकोत, त्वचेच्या रंगाचे हवेत. फ्लॅश लावून एक फोटो काढा म्हणजे काय आरपार दिसतंय ते कळेल.

नवा विग चमकत असेल तर त्यावर टाल्कम पावडर शिंपडून हाताने झटका. भुवया काळ्याभोर ठेवल्या तर सगळं सोंग उघडं पडतं. त्यांना फिकट राखाडी करा. पांढऱ्या भुवया लांबून गायबच होतात. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या, कुणाच्या वापरू नका. मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप पुसायच्या आधी काढायच्या.

८. रंगीत तालीम

आदल्या आठवड्यात सगळा साज चढवून घरात एक तास काढा. जिना चढा, दारातून जा, खुर्चीवर बसा (बसता येणार नाही, स्टूल लागेल), जमिनीवर पडलेला फोन उचला, स्वच्छतागृहात जाऊन या. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. जिथे काचतं तिथे फोम लावा.

९. कन्व्हेन्शनचा दिवस

एक सोबती हवाच. पंख लावल्यावर तुमच्या मागे दीड हातावर काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. सोबती मागे चालतो, लहान मुलं जवळ आली की ‘थांब’ म्हणतो, पिशवी धरतो, स्ट्रॉ लावून पाणी पाजतो. पाणी कमी प्यायचं म्हणजे स्वच्छतागृहात जावं लागत नाही, हा हिशेब दरवेळी कुणीतरी करतं आणि दुपारी त्याला चक्कर येते.

दुरुस्तीची पिशवी: सेफ्टी पिना, झिप टाय, झटपट चिकटणारा गोंद, दुतोंडी टेप, सुई आणि पांढरा दोरा, एक जास्तीचा विंग नट, चार-पाच सुटी पिसं, विगच्या पिना, चिमटा, भरलेली पॉवर बँक.

लोक पंखांना हात लावायला येतील. ‘हात नको, फोटो चालेल’ हे हसून पण ठामपणे म्हणा. तुम्हीही दुसऱ्याचा फोटो विचारूनच काढा. वाटेत कुणी फोटो मागितला तर आधी भिंतीकडे सरका, मग पंख उघडा.

१०. फोटो

पहिल्या तासातच काढून घ्या. तेव्हा पिसं जागेवर असतात, मेकअप ताजा असतो आणि हॉलबाहेरच्या मोकळ्या जागाही रिकाम्या असतात.

जागा निवडताना पांढरी भिंत टाळा. गडद काच, काँक्रीटचा जिना, झाडांची सावली, असं काहीतरी मागे हवं. सगळ्यांत चांगला उजेड म्हणजे उघड्यावरची सावली, आणि सूर्य किंवा खिडकी तुमच्या मागे. मागून उजेड आला की पातळ फोमच्या कडा उजळतात आणि पंख हलके वाटायला लागतात. इतके दिवस जे वजन लपवायची खटपट केली ते उजेड एका क्षणात लपवतो.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी असल्यासारखं मोजतं. चौकट पंखांनी भरली असेल तर ते फोटो काळवंडतं; एक्स्पोजर +०.७ ते +१ करा. मागे अंधारा हॉल असेल तर उलट होतं, ते अंधार उजळवायला जातं आणि पिसांमधला तपशील उडून जातो, तिथे −०.७. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला आपटत नाही ना तेवढं बघा. रॉमध्ये (नंतर रंग सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, कारण हॉलमधल्या मिश्र दिव्यांत पांढरा कधी हिरवट येतो, कधी पिवळा.

लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ २.८ ते ४ च्या आसपास; आकडा जितका लहान तितकं मागचं धूसर. पंख चेहऱ्याच्या मागे हातभर अंतरावर असतात, एफ १.४ ला ते नुसता धूर दिसतात. ५० मिमीच्या पुढची लेन्स लावा आणि पावलांनी मागे जा. कडं उजळतं असेल तर फ्लॅशची ताकद अगदी कमी ठेवा. फ्लॅशचा उजेड छिद्राने आवरतो, कड्याचा शटरने लांबवता येतो: १/६० वर कडं उजळ दिसतं, १/२०० वर विझल्यासारखं.

फोनवाल्यांनो, पोर्ट्रेट मोड बंद करा. तो पिसांची टोकं कातरतो आणि कडं व केस यांच्यामधली फट भरून टाकतो. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, उजेड थोडा खाली ओढा आणि २एक्सने लांबून काढा.

अगदी समोरून काढलेला फोटो पुस्तकात दाबलेल्या फुलपाखरासारखा येतो. शरीर अर्धवट वळवा, एक पंख कॅमेऱ्याकडे, दुसरा मागे, वजन एका पायावर, दुसऱ्या पायाची फक्त बोटं टेकलेली. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आला की उंची वाढते आणि कडं छान लंबगोल दिसतं. डोळ्यांच्या वरून काढलं तर ते कपाळावर पडल्यासारखं येतं. स्कर्ट असेल तर खाली शॉर्ट्स घाला आणि फोटोग्राफरला किती खाली बसायचं ते आधीच सांगा. तरंगण्याचा आभास हवा असेल तर सोबत्याला ऑर्गेंझाचं टोक वर उडवून चौकटीबाहेर पळायला लावा, शटर १/५०० आणि सलग फोटो. दहात एखादा लागतो.

दर पाच-सहा फोटोंनंतर स्क्रीनवर झूम करून बघा: विगची रेघ, पाठीच्या पाटीचा डोकावणारा पट्टा, कड्याची तार. तार एडिटिंगमध्ये पुसता येते. गळ्याशी बाहेर आलेला काळा पट्टा पुसताना मात्र रात्र जाते.

११. घरी आल्यावर

पॉवर बँक काढा, गादीचा घाम ओल्या फडक्याने पुसा आणि पंख मुळाकडून टांगून ठेवा. आडवे ठेवलेत तर पिसांचा बाक जातो. सुटलेली पिसं त्याच रात्री डबीत टाका आणि कोणत्या थरातली ते मागे पेन्सिलीने लिहा. माझ्या डबीत तीन बिननावाची पिसं आहेत, चारही जोड्यांना लावून पाहिली, एकीतही बसत नाहीत.